लातूरचा पिन कोड ४१३५१२ : एका संख्येचे गुणधर्म आणि तिचे वर्गीकरण

प्रश्न लातूरमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. शहराचा पिन कोड ४१३५१२ ही नुसती पूर्ण संख्या म्हणून पाहिली, तर तिचे गणिती गुणधर्म कोणते आणि ती कोणकोणत्या प्रकारांत बसते, असे त्याने विचारले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या ४३१००१ शी तुलना केल्यास यांपैकी कोणती संख्या अधिक ‘खास’ म्हणायची, हा त्याचा दुसरा प्रश्न आहे. तिसरा प्रश्न असा की, अंकांची बेरीज करत गेल्यावर शेवटी ७ उरतो, याला काही अर्थ आहे का. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत मी बरीच वर्षे संख्या सिद्धांत शिकवत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पिन कोड ही टपालखात्याची खूण आहे, मोजमाप नव्हे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली आणि तिचे जनक म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे नाव घेतले जाते, जे संस्कृतचेही व्यासंगी होते. पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय सांगतात. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्याच्या ठिकाणांचे कोड सोलापूरप्रमाणे ४१३ ने सुरू होतात, तर मराठवाड्यातल्या उरलेल्या सहा जिल्ह्याच्या ठिकाणांचे ४३१ ने. ही विभागणी टपालाच्या सोयीची आहे आणि तिच्यात गणिताचा काही हेतू नाही. म्हणूनच अशी संख्या अभ्यासाला चांगली असते, कारण ती कोणी गुणधर्म पाहून निवडलेली नसते. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे मुद्दाम घडवलेली असतात, ही तशी नाही.

कोणत्याही मोठ्या संख्येची खरी ओळख तिच्या मूळ अवयवांतून होते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागते. ४,१३,५१२ चे वर्गमूळ ६४३ आणि ६४४ यांच्या दरम्यान आहे, कारण ६४३ चा वर्ग ४,१३,४४९ होतो आणि त्यात ६३ मिळवले की आपली संख्या येते. म्हणजे ती मूळ आहे की संयुक्त हे आंधळेपणाने तपासायचे झाले, तर ६४३ पर्यंतच्या ११७ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागला असता. इथे तितके कष्ट पडत नाहीत. १,००० ला ८ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे ८ साठी फक्त शेवटचे तीन अंक पाहायचे, आणि ५१२ म्हणजे ८ चा घनच आहे. त्यापुढे आणखी २ मात्र निघत नाही, कारण ४,१३,५१२ ला ८ ने भागल्यावर ५१,६८९ ही विषम संख्या येते.

आता पुढची युक्ती विद्यार्थ्यांनी हाताने करून पाहावी अशी आहे. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट करावेत, इथे ४१३ आणि ५१२. उजव्या गटातून डावा वजा केला तर ५१२ − ४१३ = ९९ येतात. १,००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे मूळ संख्येला ७, ११ किंवा १३ ने भागून जी बाकी राहील तीच या ९९ ला भागूनही राहते. ९९ ला ११ ने भाग जातो, म्हणून आपल्या संख्येलाही जातो. ७ ने भागल्यास बाकी १ आणि १३ ने भागल्यास बाकी ८, म्हणून ते दोन्ही बाद. एका वजाबाकीत तीन कसोट्या उरकतात, आणि परीक्षेच्या खोलीत हे फार उपयोगी पडते. तेच दोन गट मिळवले तर ४१३ + ५१२ = ९२५ येतात. ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे ३७ ची कसोटी या बेरजेवर लागते, आणि ९२५ = २५ × ३७ आहे. म्हणजे ३७ हाही अवयव. ५१,६८९ ला ११ ने भागून ४,६९९ आणि ४,६९९ ला ३७ ने भागून १२७ उरतात. १२७ ला २, ३, ५, ७ आणि ११ यांपैकी कशानेही भाग जात नाही आणि १३ चा वर्ग १६९ आहे, त्यामुळे १२७ मूळ ठरते.

म्हणजे ४,१३,५१२ = २ × २ × २ × ११ × ३७ × १२७.

१२७ साठीही एक तोंडी कसोटी आहे, जी पुस्तकांत सहसा दिलेली नसते. १२७ ची आठपट १,०१६ होते, म्हणजे १२७ च्या हिशेबात १,००० हे उणे १६ सारखे वागतात. त्यामुळे ४१३ हजारांच्या जागी उणे १६ × ४१३ घ्यायचे आणि त्यात ५१२, म्हणजेच १६ × ३२, मिळवायचे. हाती येते १६ × (३२ − ४१३) = उणे १६ × ३८१, आणि ३८१ तर सरळ १२७ ची तिप्पट. आता विचारा, आपली संख्या १२७ ने भागली जाते हे बघताक्षणी कुणाला सुचले असते?

अवयव हाती आले की बाकीचे बरेच काही आपोआप सुटते. विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा, तो इथे ४ × २ × २ × २ = ३२ होतो. ३२ हे जास्त की कमी? एवढ्या आकाराच्या संख्यांचे विभाजक सरासरी चौदाच्या आसपास असतात, त्यामुळे ३२ सरासरीच्या दुपटीहून अधिक आहेत, पण विक्रम नव्हे. १९१५ साली रामानुजन यांनी ज्या अतिसंयुक्त संख्यांचा, म्हणजे आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांचा, सखोल अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतली ३,३२,६४० ही आपल्या संख्येपेक्षा लहान असूनही १९२ विभाजकांची धनी आहे. वेगवेगळे मूळ अवयव मोजले तर ते चार आहेत. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ साली जे दाखवले त्यानुसार या पट्ट्यातल्या संख्येला साधारणपणे दोन-तीन वेगळे मूळ अवयव असावेत, तेव्हा चार म्हणजे थोडी श्रीमंती. दोनचा घन अवयव असल्याने ती वर्गमुक्त, म्हणजे १ हून मोठ्या कोणत्याही वर्गाने भाग न जाणारी, नाही. ती पूर्ण वर्ग नाही, पूर्ण घन नाही, त्रिकोणी संख्या नाही आणि उलटसुलट सारखी वाचली जाणारीही नाही. या नकारांत विशेष काही नाही, बहुतेक संख्या अशाच असतात.

विभाजकांच्या बेरजेपाशी मात्र थांबायला हवे. इसवी सनाच्या सुमारे १०० च्या सुमारास ग्रीक गणिती निकोमॅकस याने संख्यांचे तीन वर्ग मांडले. संख्येचे स्वतः सोडून उरलेले सगळे विभाजक मिळवल्यावर बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर ती न्यून, बरोबर आली तर परिपूर्ण आणि जास्त आली तर विपुल. आपल्या संख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज १५ × १२ × ३८ × १२८ = ८,७५,५२० होते. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ४,६२,००८ उरतात, आणि हे ४,१३,५१२ पेक्षा जास्त आहेत. म्हणजे संख्या विपुल आहे. यात फुशारकी मारण्यासारखे थोडेच आहे, कारण सगळ्या पूर्ण संख्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश संख्या विपुल असतात. मात्र ही विपुलता येते कुठून, हे पाहण्याजोगे आहे. ३७ आणि १२७ बाजूला ठेवले तर ८ × ११ = ८८ उरतात. ८८ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ४, ८, ११, २२ आणि ४४, यांची बेरीज ९२. म्हणजे ८८ ही स्वतःच विपुल आहे, आणि विपुल संख्येची कोणतीही पट विपुलच असते. दुसरीकडे ८८ चा कोणताही लहान विभाजक घेतला तर तो न्यूनच निघतो. थोडक्यात, लातूरच्या संख्येतली सगळी विपुलता या ८८ च्या गाभ्यात आहे. ३७ आणि १२७ नी त्यात घातलेली भर किरकोळ.

या ८८ मधून आणखी एक गोष्ट निघते. वरची बेरीज ९२ आहे, त्यातला ४ हा विभाजक वगळला की नेमके ८८ उरतात: १ + २ + ८ + ११ + २२ + ४४. प्रत्येकाला ४,६९९ ने गुणले तर लातूरच्या संख्येचे सहा विभाजक मिळतात आणि त्यांची बेरीज बरोबर ४,१३,५१२ होते. कागदावर करून पाहा: ४,६९९ + ९,३९८ + ३७,५९२ मिळून ५१,६८९, त्यात पुढचा विभाजक ५१,६८९ मिळवला की १,०३,३७८, त्यात पुन्हा १,०३,३७८ मिळवले की २,०६,७५६, आणि त्यात २,०६,७५६ मिळवले की ४,१३,५१२. पहिल्या तीन विभाजकांनंतर पुढचा प्रत्येक विभाजक तोवरच्या बेरजेइतकाच असतो. स्वतःच्या काही निवडक विभाजकांची बेरीज जिला गाठते, अशा संख्येला अर्धपरिपूर्ण म्हणतात. ४,१३,५१२ तशी आहे.

त्याहूनही मजबूत गुणधर्म असा की ती ‘व्यावहारिक’ संख्या आहे. हा प्रकार भारतीय गणिती ए. के. श्रीनिवासन यांनी १९४८ मध्ये मांडला. संख्येपेक्षा लहान असलेली प्रत्येक पूर्ण संख्या जर तिच्या वेगवेगळ्या विभाजकांची बेरीज म्हणून लिहिता येत असेल, तर ती संख्या व्यावहारिक. लातूरच्या आडत बाजारात वजनांचा एकच संच ठेवायचा, प्रत्येक वजन एकदाच वापरायचे आणि तरी एक किलोपासून ४,१३,५१२ किलोपर्यंतचा कोणताही पूर्ण किलो भार तोलता यायला हवा, असे ठरले तर या संख्येचे विभाजक तो संच होऊ शकतात. उदाहरणादाखल पिन कोड सुरू झाल्याचे साल घ्या: १,९७२ = १,६२८ + २९६ + ४४ + ४, आणि हे चारही ४,१३,५१२ चे विभाजक आहेत. हे प्रत्येक संख्येसाठी करून पाहण्याची गरज नाही. स्ट्यूअर्ट (१९५४) आणि शिअरपिन्स्की (१९५५) यांनी दिलेली कसोटी अशी आहे की, मूळ अवयव लहानापासून मोठ्याकडे मांडावेत, आणि प्रत्येक नवा अवयव आधीच्या भागाच्या विभाजकांच्या बेरजेत १ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा मोठा नसावा. ८ च्या विभाजकांची बेरीज १५, म्हणून ११ ला १६ ची मर्यादा आहे आणि ११ तिच्या आत बसतो. ८८ च्या विभाजकांची बेरीज १८०, म्हणून ३७ सहज बसतो. ८८ × ३७ = ३,२५६, त्याच्या विभाजकांची बेरीज ६,८४०, त्यापुढे १२७ म्हणजे काहीच नाही. ११ च्या जागी १७ असता तर गाडी पहिल्याच टप्प्यावर अडली असती, कारण १, २, ४ आणि ८ मिळवून १५ पर्यंतच पोचता येते आणि १६ करायला वजनच उरले नसते. पुढे पुढे जावे तशा व्यावहारिक संख्या विरळ होत जातात, त्यामुळे विपुल असण्यापेक्षा हे बिरूद मला अधिक वजनाचे वाटते.

जाता जाता १२७ विषयी एक टिपण. ती २ च्या सातव्या घातापेक्षा १ ने कमी आहे, म्हणजे मर्सेन मूळ संख्या. तिला ६४ ने गुणले की ८,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, जी ६, २८ आणि ४९६ यांच्याबरोबर प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होती. आपल्या संख्येत १२७ सोबत ६४ ऐवजी ८ च आहेत, त्यामुळे परिपूर्णतेशी नाते जोडायचा मोह आवरलेला बरा.

आता ऑयलरचे फाय फल. दिलेल्या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हे ते सांगते. आपल्या संख्येसाठी हिशेब ४ × १० × ३६ × १२६ = १,८१,४४० असा येतो. हा आकडा ओळखीचा वाटला पाहिजे, कारण १ ते ९ या सर्व अंकांचा गुणाकार ३,६२,८८० आहे आणि १,८१,४४० ही त्याची बरोबर निम्मी. वर्गात हे फळ्यावर आले की मुले थबकतात आणि यामागे काही गूढ आहे का, असे विचारतात. गूढ नाही, योगायोग आहे, आणि त्याची घडणही उघड दिसते. ११, ३७ आणि १२७ यांतून प्रत्येकी १ वजा केला की १०, ३६ आणि १२६ येतात. या तिन्ही संख्यांचे सगळे मूळ अवयव २, ३, ५ आणि ७ यांच्यातच आहेत, आणि ९ पर्यंतच्या अंकांच्या गुणाकारातही हेच चार मूळ अवयव असतात. घातांक जुळले एवढेच. योगायोग सुंदर असू शकतो, पण त्यावर प्रमेय बांधता येत नाही.

दशांश अपूर्णांकाचा गुणधर्म मात्र योगायोगावर उभा नाही. १ ला ४,१३,५१२ ने भागत गेल्यास दशांश चिन्हानंतरचे पहिले तीन अंक आवर्तनाबाहेर राहतात आणि नंतर ४२ अंकांचा गट अखंड आवर्ती होतो. तीन अंक ८ मुळे. ११ चे आवर्तन २ अंकांचे, ३७ चे ३ अंकांचे आणि १२७ चे ४२ अंकांचे, आणि या तिघांचा लसावि ४२ आहे. १२७ चे ४२ कसे, हेही तोंडी निघते: वर पाहिल्याप्रमाणे १,००० म्हणजे उणे १६, त्याचा वर्ग २५६, आणि २५६ ला १२७ ने भागून बाकी २. म्हणजे दहाच्या सहाव्या घाताची बाकी २ आहे, आणि २ चा सातवा घात १२८ असल्याने त्याची बाकी १. सहा गुणिले सात, बेचाळीस. त्याआधी कुठे बाकी १ येते का हे ६, १४ आणि २१ या घातांसाठी तपासावे लागते. तिथे बाकी अनुक्रमे २, १९ आणि १२६ राहते.

इथवर आलेले गुणधर्म, दशांश अपूर्णांकाचा आणि उलटसुलट वाचनाचा वगळता, संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी बदलत नाहीत. पुढचे गुणधर्म आपण दहा अंकांत लिहितो म्हणून उद्भवतात. या प्रांतात महाराष्ट्रातले मोठे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे, जे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. लातूरच्या संख्येची अंकबेरीज १६ आहे आणि तिच्यात दोनचा फक्त घन आहे, म्हणून १६ ने भाग जात नाही आणि ती हर्षद नाही. कापरेकरांचाच दुसरा प्रकार स्वयंभू किंवा देवळाली संख्येचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच मिळू शकत नाही, ती स्वयंभू. आपली संख्या तशीही नाही: ४,१३,४८६ ची अंकबेरीज २६, आणि दोन्ही मिळवल्यास ४,१३,५१२ येतात. ४,१३,४८६ हाच तिचा एकमेव जनक आहे.

कापरेकरांच्या ६१७४ ची प्रक्रिया बहुतेकांना माहीत असते: अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि हेच पुन्हा करत राहायचे. चार अंकांत, चारही अंक सारखे नसतील तर, सगळे रस्ते ६१७४ ला जातात. सहा अंकांत तसे नाही. तिथे ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन मुक्काम आहेत आणि शिवाय सात संख्यांचे एक चक्र आहे. लातूरची संख्या ५४३२११ − ११२३४५ = ४३०८६६ पासून निघते, मग ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५ अशी वळणे घेत बाराव्या वजाबाकीला ८५१७४२ वर पोचते आणि त्या चक्रात कायमची अडकते. दोन मुक्कामांपैकी एकही तिच्या वाट्याला येत नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज करत जाण्याच्या खेळात तर ती ५६, ६१, ३७, ५८, ८९ अशी जाते, आणि ८९ आले की १ पर्यंत पोचण्याची आशा सोडायची असते.

आता सातच्या प्रश्नाकडे येऊ. ४ + १ + ३ + ५ + १ + २ = १६ आणि १ + ६ = ७, हे बरोबर आहे. पण ही क्रिया म्हणजे ९ ने भागून बाकी काढणेच होय, कारण १०, १००, १,००० या सगळ्यांची ९ ने भागल्यास बाकी १ असते. दर नऊ संख्यांमागे एकीची बाकी ७ येणारच. आपल्याला दोन्ही हातांना मिळून आठच बोटे असती आणि आपण आठाच्या पद्धतीने लिहीत असतो, तर हीच संख्या १४४७५१० अशी लिहिली गेली असती, आणि त्या पद्धतीत अंक मिळवत गेल्यावर शेवटी ७ नव्हे, १ उरला असता. गावही तेच, टपालही तेच. हिशेब तपासायला नवाची बाकी उत्तम आहे, पूर्वीचे मुनीम ती रोज वापरत. त्यापलीकडे तिच्याकडून काही मागू नये.

राहिला ४३१००१ शी तुलनेचा भाग. ४,३१,००१ ची अंकबेरीज ९ आहे आणि ९ ने भागल्यावर ४७,८८९ येतात, त्यांना पुन्हा ९ ने भागले की ५,३२१. शेवटी ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३ असे अवयव मिळतात. ही संख्या विषम आहे, हर्षद आहे, तिचे विभाजक २० आहेत, आणि सर्व विभाजकांची बेरीज ६,८३,८९२, म्हणजे स्वतः सोडून २,५२,८९१, असल्याने ती न्यून ठरते. व्यावहारिक तर ती असूच शकत नाही, कारण विषम संख्येच्या विभाजकांतून २ सुद्धा बनवता येत नाही. एवढ्यावरून लातूरची संख्या सरस वाटेल. पण वर्गांच्या बेरजेत पारडे फिरते.

४,१३,५१२ ही दोन वर्गांच्या बेरजेत मांडताच येत नाही. कारण ११ आहे. कोणत्याही वर्गाला ११ ने भागले तर बाकी ०, १, ३, ४, ५ किंवा ९ एवढ्यांपैकीच येते, आणि यांतल्या कोणत्याही दोन बाक्या मिळून ११ होत नाहीत. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेला ११ ने भाग जात असेल तर दोन्ही वर्गांना वेगवेगळा ११ ने भाग गेला पाहिजे, आणि मग बेरजेला १२१ ने भाग गेला पाहिजे. आपल्या संख्येत ११ एकदाच येतो, त्यामुळे विषय संपला. १२७ ची अडचणही अशीच आहे. ४ ने भागून ३ बाकी देणारा मूळ अवयव विषम घातांकाने आला की ही अडचण येते, आणि तो नियम फर्माने सांगितला व ऑयलरने सिद्ध केला. वर्गांच्या वजाबाकीत मात्र ती आठ वेगवेगळ्या तऱ्हांनी बसते, त्यांतली सगळ्यांत आटोपशीर म्हणजे ६६१ चा वर्ग उणे १५३ चा वर्ग.

संभाजीनगरच्या संख्येत ३ चा घातांक सम आहे, आणि १७ व ३१३ दोन्ही ४ ने भागून १ बाकी देतात. १७ = ४ चा वर्ग + १ चा वर्ग, आणि ३१३ = १३ चा वर्ग + १२ चा वर्ग. इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात ब्रह्मगुप्ताने दिलेल्या ‘भावना’ या जोडणीच्या रीतीने या दोन मांडण्या जोडता येतात, तेही दोन प्रकारे: ३५ आणि ६४ यांच्या वर्गांची बेरीज ५,३२१ होते, तशीच ६१ आणि ४० यांच्या वर्गांचीही. दोन्हींना ९ ने गुणले की ४,३१,००१ = ३१५ चा वर्ग + ५७६ चा वर्ग = ५४९ चा वर्ग + ३६० चा वर्ग. याव्यतिरिक्त तिसरी मांडणी नाही. लातूरला दोन वर्ग पुरत नसले तरी तिसरा घेतला की भागते, कारण लजाँद्रच्या नियमाप्रमाणे ४ चे घात काढून टाकल्यावर ८ ने भागून ७ बाकी देणाऱ्या संख्याच तेवढ्या तीन वर्गांत बसत नाहीत. ४,१३,५१२ मधून ४ काढला की १,०३,३७८ उरतात आणि त्यांची ८ ने भागल्यास बाकी २ आहे. एक मांडणी करून दाखवतो: ६४२ चा वर्ग ४,१२,१६४, ३२ चा वर्ग १,०२४ आणि १८ चा वर्ग ३२४, एकूण ४,१३,५१२. याखेरीजही मांडण्या आहेत, त्या शोधताना पहिला वर्ग ६४२ च्या खाली एकेका सम संख्येने उतरवत जावा; तिन्ही संख्या सम असाव्याच लागतात, कारण बेरजेला ४ ने भाग जातो.